फुफाटा मोजताना: डर्बीच्या आकड्यांवरच्या नोंदी

५ ऑक्टोबर २०२५, रविवार

पुतणीचा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प. विषय ठरवायला तिला दोन आठवडे होते. तिसऱ्या आठवड्यात तिनं तो माझ्या गळ्यात घातला. तिच्या वर्गातली निम्मी पोरं विहिरीच्या पाण्याचा सामू काढतात, उरलेली सौर पंपाची कार्यक्षमता. हिला आकाशातलं पाहिजे, आणि घाटंजी तालुक्यातल्या आमच्या गावात दुर्बीण म्हणावी अशी वस्तू नाही. म्हटलं, दुर्बीण लागतच नाही. १९८९च्या नोव्हेंबरात वर गेलेल्या उपग्रहाचे आकडे आजही फुकट मिळतात.

बाबा ओट्यावर बसले होते. "कोनता उपग्रह म्हनता?"

"कोबी."

"पत्ता का फूल?"

नाव आद्याक्षरांवरून पडलंय, हे सांगेपर्यंत पुतणी हसून लोळत होती. आता घरात त्याला पत्ताकोबीच म्हणतात.

त्या पत्ताकोबीवर तीन उपकरणं होती. आपल्या कामाचं डर्बी. १९ सेंटिमीटरचा आरसा, म्हणजे स्वयंपाकातल्या ताटलीएवढा. १.२५ पासून २४० मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीचे दहा पट्टे, सगळे अवरक्त, डोळ्यांना न दिसणारे. एका वेळी ०.७ अंशाचा चौकोन दिसायचा, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राहून थोडा मोठा तुकडा. त्याला तारे नीट दिसणार नव्हते आणि तशी गरजही नव्हती. आकाशाचा एकूण उजेड मोजायचा, तोही नुसता 'याच्यापेक्षा ते जास्त' असा नव्हे, शून्यापासून.

त्या उजेडात १२ आणि २५ मायक्रॉनला सगळ्यात मोठा वाटा धुळीचा. धूमकेतूंनी सांडलेली आणि लघुग्रहांच्या टकरीतून उडालेली ही धूळ सूर्याभोवती चपट्या ढगासारखी पसरलीय. ती ऊन खाते आणि उष्णता परत फेकते. तो फेकलेला भाग आपल्याला मोजायचाय.

अडचण तिला पांदणीवर नेऊन दाखवली. ट्रॅक्टर गेल्यावर उठलेला फुफाटा बांधावरून पाहिला तर केवढा उंच नि कुठवर लांब ते डोळ्यांना कळतं. पांदणीतच उभं राहिलं तर चहूकडे नुसतं पांढुरकं. पृथ्वी पांदणीत उभी आहे आणि बांधावर चढायची सोय नाही. फक्त एक आहे: ती चालते. वर्षभर चालताना ढग कधी डोक्यावर जास्त, कधी पायाखाली जास्त. आकाशातली जागा तीच, उजेड वेगळा. जेवढा बदलला तेवढा धुळीचा. कारण आकाशगंगा आणि त्यापलीकडचं काही दहा महिन्यांत हलत नाही.

प्रकल्पाचं वाक्य वहीत असं लिहिलं: क्रांतिवृत्ताच्या, म्हणजे पृथ्वीच्या कक्षेच्या प्रतलाच्या, उत्तर आणि दक्षिण ध्रुवांचा उजेड आठवड्यागणिक काढायचा आणि धुळीचं प्रतल पृथ्वीच्या कक्षेला कुठे छेदतं ते शोधायचं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

आठवड्यांच्या सरासरीच्या फाईल्स उतरवतोय. एकूण ४१ आठवडे, डिसेंबर १९८९च्या दुसऱ्या आठवड्यापासून २१ सप्टेंबर १९९०पर्यंत. त्या दिवशी हेलियम संपलं. उपकरण २ केल्विनच्याही खाली थंड ठेवणारं तेच, त्यामुळे लांब तरंगांचे पट्टे तिथेच थांबले.

नेट दिवसा चालत नाही. रात्री अकरानंतर स्लॅबवर मोबाईल टांगून ठेवायचा, खाली लॅपटॉप. आज नऊ फाईल्स आल्या, दोन अर्धवट. अर्धवट फाईल बेमालूम उघडते, वरची माहिती बरोबर दाखवते, खालच्या ओळी मात्र गायब. पुतणीनं आता प्रत्येक फाईलच्या ओळी मोजणारा चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. बरं केलं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आज दोन फजित्या.

पहिली: उत्तर ध्रुवाची सरासरी उणे आली. उजेड उणे! ज्या पिक्सेलवर त्या आठवड्यात मोजणी नाही तिथे त्यांनी उणे सोळा हजारांच्या घरातला खुणेचा आकडा भरून ठेवलाय आणि आम्ही तोही सरासरीत घेतला. गाळल्यावर आकडे जागेवर आले.

दुसरी: तिनं आकाशाचा नकाशा काढला तर गोधडी निघाली. ठिगळाला ठिगळ, कुठलंच कुठे जुळेना. डर्बीचं आकाश घनाच्या सहा बाजूंवर बसवलंय, एका बाजूला २५६ गुणिले २५६ पिक्सेल, एकूण ३,९३,२१६. मात्र पिक्सेलचे क्रमांक ओळीनं नाहीत. चौकोनाचे चार, त्या प्रत्येकाचे पुन्हा चार, असे आत आत उतरत जातात. क्रमांक द्विमान पद्धतीत लिहून एकाआड एक अंक वेगळे केले की आडवा आणि उभा पत्ता निघतो. तिला ते समजायला चहाचा एक कप पुरला, मला दोन. रात्री साडेदहाला गोधडी फाटली आणि आकाशगंगेचा पट्टा सलग दिसला. त्याला छेदून जाणारा दुसरा पट्टा त्याहून रुंद, मऊ कडांचा. तो धुळीचा.

नकाशाच्या दोन बाजूंचे मध्य म्हणजे नेमके क्रांतिवृत्ताचे ध्रुव. हे आयतं सोयीचं झालं.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

रात्री जागल. मोटारीची लाईन रात्रीचीच, तुरीत रानडुकरं. मी आणि बाबा आळीपाळीनं. पहाटे सव्वाचार ते पावणेपाच पूर्वेला पाहत बसलो. चंद्र नाही, शुक्र अजून वर यायचा होता. क्षितिजापासून तिरपा वर गेलेला उजेडाचा सुळका, खाली रुंद, मघांपर्यंत जाऊन विरलेला. आकाशगंगेपेक्षा मऊ. पुतणी आली असती तर बरं झालं असतं. ती भावांची ओवाळणी मोजत झोपली होती.

बाबांना दाखवला. ते म्हणाले, "हे तं मी पोरवयापासून पाह्यतो. आमी म्हनो, उजाडून रायलं. मंग आंधारच." खोटी पहाट म्हणजे हीच. विश्वकोशातलं नाव राशिचक्रीय प्रकाश.

नोंद एवढ्यासाठी की डोळ्यांना दिसतं ते धुळीवरून परतलेलं ऊन. डर्बीचे आखूड तरंगांचे पट्टे तेच पाहतात. १२ आणि २५ मायक्रॉनचे पट्टे धुळीची स्वतःची ऊब पाहतात. ढग एक, उजेड दोन तऱ्हांचे. पुतणीच्या अहवालाच्या मसुद्यात या दोन्हींची खिचडी झाली होती, ती निवडायची आहे.

"हे धूळ खाली पडते का?" बाबांचा प्रश्न. पडते, वर्षाकाठी हजारो टन, साऱ्या पृथ्वीवर मिळून. त्यांनी तुरीकडे पाहिलं नि म्हणाले, "खत म्हनून चालते का पाह्य."

२ नोव्हेंबर, रविवार

२५ मायक्रॉन, दोन्ही ध्रुव, ४१ ठिपके. उत्तरेची रेघ डिसेंबरापासून चढते, फेब्रुवारी-मार्चात माथ्यावर, मग उतरती. दक्षिणेची उलटी: मार्चात तळाला, सप्टेंबरात वर, आणि तिथेच आकडे संपतात. चढउतार दहा टक्क्यांच्या आसपास. तिनं आलेख भिंतीवर चिकटवला आणि अर्धा तास त्याच्यासमोर पाट टाकून बसली.

असं का होतं, हे तिनंच मांडलं. धुळीचं प्रतल पृथ्वीच्या कक्षेशी किंचित कललेलं. वर्षातले सहा महिने पृथ्वी त्या प्रतलाच्या खाली, सहा महिने वर. खाली असताना उत्तरेकडे पाहिलं तर ढगाची जाड बाजू नजरेसमोर येते, दक्षिणेकडे पातळ. वर गेलो की उलट. प्रतलात आलो की दोन्हीकडे सारखं.

एक भानगड आहे. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते. तिथली धूळ जरा दाट, जरा ऊनऊन, त्यामुळे दोन्ही ध्रुव एकदमच उजळतात आणि दोन्ही रेघांचे माथे सरकतात. म्हणून नुसता उत्तरेचा किंवा दक्षिणेचा माथा पकडून चालणार नाही. उत्तर वजा दक्षिण, भागिले दोन्हींची बेरीज. दोन्हीकडे सारखं वाढलेलं त्यात कटतं. ही युक्ती माझी नाही, पण आम्हाला आमची आमची सुचली याचा आनंद झालाच.

१६ नोव्हेंबर

पऱ्हाटीची वेचणी. बाया मिळेनात. काम शून्य.

२३ नोव्हेंबर, रविवार

कालची रात्र आणि आजची सकाळ एका गोष्टीत गेली. २५ मायक्रॉनचं गुणोत्तर शून्याला जिथे छेदतं, ६० मायक्रॉनचं तिथे छेदत नाही. तीनेक आठवडे सरकलेलं. १०० मायक्रॉनचं तर विचारूच नका, दक्षिण कायमची वरचढ. धूळ तीच, प्रतल तेच, मग तारीख का बदलावी?

पुतणीला वाटलं तिचा प्रोग्रॅम चुकला. मला वाटलं माझं गणित. दोघांनी एकमेकांचं सगळं उकरून पाहिलं आणि दोन्ही बरोबर निघालं. जेवताना सहज तिनं दक्षिण बाजूचा १०० मायक्रॉनचा नकाशा उघडला. मध्यापासून जरा बाजूला एक लख्ख डाग.

मोठा मॅगेलनी मेघ! दक्षिण क्रांतिध्रुवापासून पाचेक अंशांवर अख्खी शेजारची दीर्घिका, आणि तिच्यातला टॅरंटुला तेजोमेघ तर ध्रुवापासून जेमतेम सव्वातीन अंशांवर. आम्ही दहा अंश त्रिज्येचं वर्तुळ घेतलं होतं, तो सगळा आत. २५ मायक्रॉनला आपली धूळ एवढी तेजस्वी की मेघ तिच्यात बुडतो. ६० आणि १०० ला धुळीचा उजेड उतरतो आणि मेघ डोकं वर काढतो.

विदर्भातून हा मेघ पाहायची गोष्टच सोडा. टॅरंटुला आपल्या दक्षिण क्षितिजावर अंशभरसुद्धा येत नाही. आयुष्यात न दिसलेल्या दीर्घिकेनं आमची रात्र नि सकाळ खाल्ली.

वर्तुळ अडीच अंशांचं केलं. सुमारे १८५ पिक्सेल उरतात, आमच्या कामाला पुरेसे. शिवाय जुळवणीत एक स्थिर संख्या ठेवली: जे हलत नाही ते तिच्यात जाऊन बसू दे. आता तिन्ही पट्ट्यांच्या तारखा जवळ आल्या.

मनात एक खंतही आहे, लिहून ठेवतो. या विषयावर वाचायला घेतलं की बहुतेकांना ही धूळ काढून टाकायचीच असते. डर्बीचंही तेच. त्यांचा खरा हेतू पलीकडचा, साऱ्या दीर्घिकांचा मिळून येणारा अवरक्त उजेड. धूळ वजा केल्यावर १९९८ साली तो १४० आणि २४० मायक्रॉनला हाती लागला. १२ ते ६० मध्ये धुळीनं हाती लागू दिला नाही. प्लँक उपग्रहवाल्यांनीही ती वजा केली. मार्च २०२५ मध्ये वर गेलेल्या स्फिअरेक्स या अवकाश दुर्बिणीलाही ती आडवी येणारच. सगळ्यांना दाणे हवेत. आमच्याकडे तुरीचं कुटार कोणी फेकत नाही, ढोरं वर्षभर त्यावर जगतात.

१० डिसेंबर, बुधवार

पहाटे पाचला उठलो, मुद्दाम. मोबाईल १३ अंश दाखवत होता. धुळीचं जे गणिती प्रतिमान डर्बीच्या चमूनं १९९८ साली छापलं, त्यात पृथ्वीएवढ्या अंतरावरच्या धुळीचं तापमान २८६ केल्विन आहे. त्यातून २७३ वजा करा: १३ अंश सेल्सिअस. म्हणजे सूर्याभोवतीचा हा सगळा फुफाटा, आपल्या आसपासचा तरी, मार्गशीर्षातल्या घाटंजीच्या पहाटेएवढा गार आहे.

उपग्रह का लागतो याचंही उत्तर यातच. या तापमानाची वस्तू दहा-बारा मायक्रॉनच्या सुमारास सगळ्यात जास्त तळपते. जमीन, हवा, माझा हात, दुर्बिणीची नळी, सगळंच साधारण त्याच तापमानाचं, म्हणून सगळंच त्याच तरंगांत तळपतं. भर दुपारी कंदील शोधल्यासारखं. आणि धूळ किती विरळ! पृथ्वी ते सूर्य एवढं अंतर त्या दाटीतून कापलं तर उजेडाचा कोटीत एखादा भाग अडेल. तेवढ्यासाठी दुर्बीण हेलियमात बुडवून हवेच्या वर ९०० किलोमीटरवर न्यावी लागली.

आज लवकर उठायचं कारण वेगळं होतं. त्या प्रतिमानात मुख्य ढगाचा कल २.०३ अंश आणि आरोही पात, म्हणजे धुळीचं प्रतल पृथ्वीच्या कक्षेला छेदून वर जातं ती जागा, ७७.७ अंशांवर. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना त्या रेखांशावर डिसेंबरच्या ९-१० तारखेला येते. म्हणजे काल-आज आपण धुळीचं प्रतल वरून खाली ओलांडलं, सेकंदाला तीस किलोमीटरच्या वेगानं. काही जाणवलं नाही. कुत्रंसुद्धा भुंकलं नाही.

आमचं उत्तर: २५ मायक्रॉनवरून पात ८० अंशांच्या आसपास. सुरुवातीचे आठवडे गाळले किंवा शेवटचे गाळले तर ७६ ते ८४ मध्ये हेलकावतं. कारणही उघड आहे. डिसेंबरचं छेदन आमच्या पहिल्याच ठिपक्याच्या कडेला पडतं, त्याच्या आधी काही नाही. खरा आधार जूनच्या छेदनाचा, दोन्ही बाजूंनी आठवडे असलेला. पुतणी म्हणाली, "काका, ७८ लिहू का?" नाही. आलं तेवढंच लिही, हेलकाव्यासकट.

२१ डिसेंबर, रविवार

आज फाटा फोडला, प्रकल्पात नसलेला. १९८३ साली आयरास उपग्रहाच्या आकड्यांत धुळीच्या ढगावर समांतर पट्टे सापडले होते, क्रांतिवृत्ताच्या वर-खाली. लघुग्रह फुटले की तुकड्यांच्या कक्षा एकाच कलाच्या असतात; धूळ त्या कलाच्या वरच्या आणि खालच्या टोकाशी जास्त रेंगाळते, झोका टोकाला रेंगाळतो तशी. म्हणून पट्टे जोडीनं. दहा अंशांच्या आसपासची जोडी व्हेरिटास या लघुग्रहांच्या कुटुंबाची मानतात, ८३ लाख वर्षांपूर्वीच्या टकरीतली.

सूर्यापासून ९० अंशांवरचा उत्तर-दक्षिण काप घेतला. क्रांतिवृत्तावर उजेड ध्रुवाच्या साधारण तिप्पट, मध्ये गुळगुळीत डोंगर. त्यातून रुंद सरासरी वजा केली. दोन्ही उतारांवर दहा अंशांच्या जवळ बारीक खांदे उरले. पहिल्यांदा डावीकडचाच दिसला, उजवीकडे तारे आड येत होते. दुसऱ्या आठवड्याच्या फाईलमध्ये दोन्ही दिसले. ८३ लाख वर्षांपूर्वी दोन दगड आपटले, त्याचा खांदा माझ्या पडद्यावर दोन मिलिमीटरचा. पुतणीनं पट्टी लावून मोजला.

संध्याकाळची बाजू आणि पहाटेची बाजू यांतही काही टक्क्यांचा फरक असायला हवा. पृथ्वीच्या मागं, तिच्या ओढीनं अडकलेल्या धुळीचा पुंजका असतो, म्हणून संध्याकाळची बाजू सरस. ते तपासायला घेतलं आणि लाईट गेली. डीपी जळाला म्हणे.

२६ डिसेंबर

डीपी अजून तसाच.

११ जानेवारी २०२६, रविवार

कल काढायचा प्रयत्न सोडला. का, ते नीट लिहून ठेवतो, कारण पुतणीच्या तोंडी परीक्षेत हाच प्रश्न येईल.

ध्रुवांचा चढउतार दोन गोष्टींवर ठरतो: पृथ्वी प्रतलापासून किती वर-खाली जाते, म्हणजे कल, आणि ढग किती जाड आहे. ढग जाड असेल तर त्याच चढउताराला जास्त कल लागतो, पातळ असेल तर थोडका पुरतो. पांदणीतला माणूस गुडघ्यात वाकला नि उठला, तेवढ्यावरून फुफाट्याची उंची सांगता येत नाही. आधी किती वाकला ते माहीत हवं. आमच्याकडे एकच आकडा आणि अज्ञातं दोन. पाताची तारीख मात्र यातून सुटते, कारण शून्य कधी आलं याला जाडीशी देणंघेणं नाही.

जाडी काढायला ध्रुव सोडून मधले सगळे अक्षांश घ्यावे लागतात, सूर्यापासूनची वेगवेगळी अंतरं घ्यावी लागतात. डर्बी ६४ ते १२४ अंश पाहायची, म्हणजे आकडे आहेत. पण तिथे सूर्यापासून दूर जाताना धूळ कशी विरळ होते आणि तापमान कसं उतरतं तेही गळ्यात पडतं, शिवाय ते पट्टे, तो पुंजका. छापील प्रतिमानात हे सगळं एकत्र बसवलंय, दहाही पट्टे मिळून. त्यांनीही मुख्य भर 'तीच जागा, वेगळा दिवस' यावरच ठेवला. तीस वर्षं होत आली तरी लोक तेच प्रतिमान घेऊन बसतात, यात त्याची मजबुती किती आणि आपला आळस किती, मला ठरवता येत नाही.

"त्यांचा २.०३ घेऊन आपण जाडी काढू," पुतणी म्हणाली. काढता येईल. पण मग ती आपली मोजणी राहत नाही, त्यांचंच उत्तर उलटं वाचणं होतं. ती जरा रुसली. तुरीच्या शेंगा उकडून दिल्यावर निवळली.

१५ फेब्रुवारी, महाशिवरात्र

गाव यात्रेला गेलं, दिवे कमी. पावणेआठला स्लॅबवर तिघं. पश्चिमेला तोच सुळका, पहाटेच्या सुळक्याचा जोडीदार. शनी त्या उजेडात बुडालेला, टोक अश्विनीकडे. पुतणीनं हा पहिल्यांदाच पाहिला. चार महिने तिनं त्याचे आकडे काढले आणि खरी वस्तू आज पाहिली. बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "आलेखात जास्त उजळ होता."

बाबा म्हणाले, "मंग झाली का तुमची पत्ताकोबी?"

झाली. अहवाल २८ पानांचा, उद्या घाटंजीला छापायला टाकायचा. पाताच्या रकान्यात ८०, पुढे हेलकावा. कलाच्या रकान्यात आकडा नाही. तिथे तिनं लिहिलंय: 'नुसत्या दोन ध्रुवांवरून निघत नाही, कारण पान १९ पाहा.' पान १९ वर पांदणीचं चित्र आहे, हातानं काढलेलं, वाकलेल्या माणसासकट. माणूस माझ्यासारखा दिसतो. राहू दिला.